लाकूड भिजू द्या, पण वाळूही द्या

नॉर्वेच्या पश्चिम भागात लार्दालच्या खोऱ्यात बोर्गुंड नावाचं गाव आहे. तिथलं जुनं चर्च पायापासून कळसापर्यंत लाकडाचं आहे. त्यासाठी लागलेले पाइन वृक्ष ११८०-८१च्या हिवाळ्यात तोडले गेले, हे लाकडातली वाढीची वलयं मोजून ठरवता आलं आहे. आपल्याकडे तेव्हा देवगिरीचे यादव स्वतंत्र राज्य उभारण्याच्या बेतात होते. तेव्हापासून ही इमारत उघड्यावर उभी आहे. दर हिवाळ्यात तिच्या छपरांवर बर्फ साचतो, दुपारच्या उन्हात थोडा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि वसंतात सगळा पाण्याच्या रूपाने खाली येतो. तिच्या भिंतींना आपण ज्याला रंग किंवा व्हार्निश म्हणतो त्यातलं काहीही नाही. दर काही वर्षांनी पाइनचं डांबर फासतात, तेवढंच. अंगणातलं बाकडं किंवा कुंपणाचं फाटक दोन-चार वर्षांत कुजलेलं ज्याने पाहिलं आहे, तो हे ऐकून पहिल्यांदा विचारतो की त्या लाकडाला लावलंय काय. रंगाच्या दुकानातही आपण हेच विचारतो. माझ्या मते उत्तर लेपात थोडं आहे आणि रचनेत पुष्कळ. पाणी लागल्याने लाकूड कुजत नाही. लागलेलं पाणी मुक्कामाला राहिलं की कुजतं. त्यामुळे हिवाळ्यापासून लाकूड वाचवायचं म्हणजे मुख्यतः त्याला वाळायची वाट मोकळी ठेवायची. लेपाचं काम त्यानंतर सुरू होतं.

याचा सगळ्यात बळकट पुरावा त्याच देशात, जमिनीखाली सापडला आहे. नॉर्वेतल्या उर्नेस, लोम अशा जुन्या चर्चच्या जमिनीखाली विसाव्या शतकात उत्खनन झालं तेव्हा आणखी जुन्या इमारतींच्या खांबांचे खड्डे मिळाले. म्हणजे आज दिसणाऱ्या चर्चच्या आधी त्याच जागी लाकडाचंच चर्च होतं आणि त्याचे खांब थेट मातीत पुरलेले होते. झाडं त्याच जंगलातली, हिवाळा तोच, सुतारीची परंपराही तीच. पण पुरलेल्या खांबांचं एकही चर्च उरलं नाही. बाराव्या शतकातल्या सुतारांनी खांब जमिनीतून वर काढले. आधी दगडांची ओळ, तिच्यावर आडव्या जाड तुळया, आणि त्या तुळयांवर उभे खांब, अशी मांडणी केली. या पद्धतीच्या चर्चना स्टाव चर्च म्हणतात आणि अशी २८ चर्च आजही नॉर्वेत उभी आहेत. कोणताही नवा लेप शोधला गेला नव्हता. लाकूड आणि ओली माती यांच्यामध्ये हातभर अंतर आलं, आणि ज्या इमारतीचं आयुष्य काही पिढ्यांचं होतं ती आठ-नऊ शतकं टिकली.

असं का होतं, हे समजायला लाकडाच्या आत किती पाणी असतं ते पाहावं लागतं. लाकडाच्या पेशी म्हणजे लांबट पोकळ नळ्या. पाणी आधी नळ्यांच्या भिंतींमध्ये मुरतं. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के पाणी झालं की त्या भिंती तृप्त होतात आणि त्यापुढचं पाणी नळ्यांच्या पोकळीत मोकळं साचू लागतं. लाकूड खाणाऱ्या बुरशीला हे मोकळं पाणी लागतं. छपराखाली, हवेशीर जागी ठेवलेल्या लाकडात पाणी २० टक्क्यांच्या आत राहतं आणि तिथे बुरशीचं काही चालत नाही, मग तिचे बीजाणू कितीही येऊन पडोत. ते हवेत सगळीकडे असतातच. उलट टोकालाही लाकूड सुरक्षित असतं. पूर्ण बुडालेल्या लाकडात प्राणवायू उरत नाही आणि त्याशिवाय बुरशी वाढत नाही. नॉर्वेतलंच ओसेबर्गचं जहाज इ. स. ८३४च्या सुमारास निळसर चिकणमातीत पुरलं गेलं आणि १९०४मध्ये बाहेर काढलं, तेव्हा त्याचं ओकचं लाकूड जागेवर होतं. धोका या दोन टोकांच्या मध्ये आहे, जिथे ओलही आहे आणि हवाही. जमिनीतून वर येणाऱ्या खांबाचा नेमका मातीच्या पातळीवरचा वीतभर भाग सगळ्यात आधी जातो तो यामुळेच. वरचा भाग वाळतो, खोल पुरलेल्या भागाला हवा कमी मिळते, आणि मधल्या पट्ट्यात बुरशीला दोन्ही गोष्टी हव्या तशा मिळतात.

आता हिवाळ्याकडे येऊ. थंडी लाकडाला फोडते, अशी समजूत सगळीकडे आहे आणि तिच्यामागचा तर्कही वरवर बरोबर वाटतो: पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, म्हणून भिजलेलं लाकूड आतून फाटत असणार. पण ज्या लाकडात पाणी ३० टक्क्यांच्या आत आहे त्याच्या नळ्या रिकाम्या असतात आणि भिंतींत मुरलेलं पाणी नेहमीच्या अर्थाने गोठतही नाही. थोडं मोकळं पाणी असलंच तर बर्फाला पसरायला पोकळीत जागा मिळते. थंडीने तडकतात ती मुख्यतः रसाने भरलेली जिवंत झाडं. कापून वाळवलेल्या फळीवर ज्या भेगा दिसतात त्या गोठण्याच्या नसून भिजण्या-वाळण्याच्या असतात. लाकूड ओलं झालं की वलयांच्या दिशेने पाच-दहा टक्के फुगतं, लांबीत मात्र फुगतच नाही म्हटलं तरी चालेल. बाहेरचा थर भिजून फुगतो, आतला तसाच राहतो; पुन्हा बाहेरचा वाळून आक्रसतो आणि आतला त्याला आक्रसू देत नाही. या ओढाताणीत पृष्ठभाग चिरतो. चीर पडली की पुढचं पाणी आत जायला रस्ता मिळतो.

बुरशीच्या बाबतीत तर कडाक्याची थंडी लाकडाच्या बाजूची आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशा २० ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास जोमाने वाढतात आणि पारा शून्याजवळ आला की थांबतात. मरत नाहीत, झोपतात. अमेरिकेत मॅडिसन इथल्या वन-उत्पादन प्रयोगशाळेतले थिओडोर शेफर यांनी १९७१मध्ये हवामानावरून लाकूड कुजण्याचा धोका मोजायचं एक सूत्र मांडलं, ते आजही वापरात आहे. दर महिन्याच्या सरासरी तापमानातून २ वजा करायचे, पाऊस पडलेल्या दिवसांच्या संख्येतून ३ वजा करायचे, दोन्हींचा गुणाकार करायचा, बारा महिन्यांची बेरीज करून १६.७ने भागायचं. उत्तर ३५च्या आत आलं तर धोका कमी, ६५च्या वर गेलं तर जास्त. या सूत्रात दोन गोष्टी लक्ष देण्यासारख्या आहेत. एक, २ अंशांहून थंड महिना हिशेबात येतच नाही. लार्दालचा जानेवारी तिथे शून्य ठरतो. दुसरी, पाऊस किती मिलिमीटर पडला याला या सूत्रात स्थान नाही. किती दिवस पडला, याला आहे. एका दिवसात कोसळलेला मुसळधार पाऊस वाहून जातो आणि लाकडाला पुढचे सहा दिवस वाळायला मिळतात. रोजची रिपरिप त्याला वाळूच देत नाही. प्रयोगशाळेने आकड्यांत मांडलेली ही गोष्ट या प्रकरणाचा गाभा आहे.

मग हिवाळ्याचा दोष काय? हिवाळा पाणी भरून ठेवतो. दिवस लहान, ऊन तिरपं, हवा गार आणि दमट, त्यामुळे एकदा भिजलेलं लाकूड आठवडेच्या आठवडे वाळत नाही. उणे दहा अंशांतला भुसभुशीत बर्फ जवळजवळ कोरडाच असतो, त्याचा त्रास नाही. त्रास होतो तो भिंतीला टेकून बसलेल्या बर्फाच्या ढिगाचा, जो उन्हाच्या बाजूने थोडा थोडा वितळत राहतो आणि महिनाभर लाकडाच्या पायाशी पाणी पुरवत राहतो. मार्च-एप्रिलमध्ये हवा तापते, झोपलेली बुरशी जागी होते, आणि तिच्यासमोर चार महिने भिजत पडलेलं लाकूड तयार असतं. नुकसान दिसतं वसंतात, पण त्याची तयारी हिवाळ्यात झालेली असते. म्हणून हिवाळ्याआधीच्या कामात एकच प्रश्न विचारायचा: या लाकडात पाणी कुठून शिरेल आणि शिरलेलं कुठून निघेल?

या प्रश्नासमोर लाकडाचा प्रत्येक भाग सारखा नसतो, आणि इथे थोडं जवळून पाहायला हवं. एक फळी घ्या. तिच्या रुंद बाजूवर पडलेला थेंब बराच वेळ वर राहतो, कारण तिथे नळ्या आडव्या आहेत आणि पाण्याला त्यांच्या भिंती एकामागून एक पार कराव्या लागतात. तीच फळी उभी धरून करवतीने कापलेलं टोक ओल्या फरशीवर टेकवा. त्या टोकाला हजारो नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि समईतल्या वातीने तेल ओढावं तसं ते टोक पाणी ओढतं; आडव्या बाजूच्या दहापट किंवा त्याहूनही वेगाने. बाकाचे पाय, खांबांची माथी, पायऱ्यांच्या फळ्यांचे शेवट, कठड्याचे सांधे अशी कुजण्याची सगळी ठरलेली ठिकाणं पाहिली, तर बहुतेक जागी कापलेलं टोक उघडं असतं किंवा दोन लाकडं एकमेकांना चिकटून मध्ये पाणी धरून ठेवणारी फट असते. बोर्गुंडच्या सुतारांनी नेमकी याच जागांची काळजी घेतली. पायातल्या आडव्या तुळया कोपऱ्यात एकमेकींना छेदतात, तिथे खाचा असतात आणि कापलेली टोकं उघडी पडतात. कोपऱ्याचा मोठा खांब खालून असा कोरला आहे की तो त्या छेदावर टोपीसारखा बसतो आणि तो सांधा झाकतो. भिंतीच्या उभ्या फळ्यांची खालची टोकं तुळईच्या खाचेत बसलेली आहेत, मातीत किंवा दगडावर टेकलेली नाहीत. वर एकावर एक उतरती छपरं आहेत, इतकी तीव्र उताराची की बर्फ फार काळ ठरत नाही. खाली चर्चला वेढणारी पडवी आहे. झड आधी तिच्यावर येते, मुख्य भिंत मागे कोरडी राहते.

डांबराचं काम या सगळ्यानंतरचं. हे डांबर रस्त्यावरचं नव्हे. राळेने भरलेले पाइनचे बुंधे आणि मुळं रचून, वरून माती-गवताने झाकून, कमी हवेत दिवसेंदिवस धुमसत ठेवली की खालून हा दाट, तपकिरी-काळा रस झिरपतो. गरम करून लावला की तो लाकडात मुरतो, पाणी झटकतो, आणि त्याची वरून घट्ट पापुद्र्यासारखी साल तयार होत नाही. उन्हाने आणि पावसाने तो हळूहळू झिजतो. दक्षिणेकडच्या, उन्हाच्या भिंतीवर लवकर आणि उत्तरेकडे सावकाश. झिजला की पुन्हा लावतात, जुना खरवडावा लागत नाही. डांबराचं महत्त्व मी कमी करत नाही. पण मातीत पुरलेल्या खांबाला त्याने वाचवलं नसतं.

इथे एक रास्त आक्षेप येतो. मध्ययुगीन नॉर्वेत अशी चर्च हजाराच्या घरात होती, उरली २८. मग टिकलेल्यांकडे बोट दाखवून पद्धत चांगली होती असं कसं म्हणता? आक्षेप खरा आहे आणि त्याला आणखी बळ देणारी गोष्टही सांगायला हवी: उरलेल्यांपैकी बहुतेक चर्च किनाऱ्यापासून दूर, आतल्या तुलनेने कोरड्या खोऱ्यांत आहेत. लार्दालही डोंगरांच्या आडोशाला आहे. किनाऱ्यावरच्या बर्गेनपेक्षा तिथे पाऊस कितीतरी कमी. म्हणजे हवामानाने निवड केली, हे मान्य. तरीही दोन गोष्टी उरतात. पहिली, बाकीची सगळी कुजून पडली नाहीत. १३४९च्या प्लेगनंतर गावंच्या गावं ओस पडली आणि छपरं दुरुस्त करायला माणूस राहिला नाही. १८५१च्या कायद्याने चर्चमध्ये गावाच्या लोकसंख्येच्या तीन दशांश माणसं मावली पाहिजेत असं ठरवलं, तेव्हा कितीतरी धडधाकट जुनी चर्च लहान म्हणून पाडली गेली. काही जळाली. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जमिनीत खांब पुरलेली आधीची चर्च त्याच कोरड्या खोऱ्यांत होती, काही तर नेमकी त्याच जागी. हवामान दोन्हींना सारखंच होतं, निकाल वेगळा लागला. फरक पायाशी होता.

हिमाचल प्रदेशात हेच शहाणपण वेगळ्या वाटेने आलं आहे, आणि ते नॉर्वेतून येण्याची काही शक्यता नव्हती म्हणून त्याचं मोल अधिक. तिथल्या काठकुणी बांधकामात देवदाराच्या आडव्या तुळया आणि कोरडे रचलेले दगड यांचे थर आलटून पालटून येतात. खाली उंच दगडी जोतं, वर स्लेटच्या पाट्यांचं लांब पुढे आलेलं छप्पर, आणि लाकूड कुठेही मातीला टेकलेलं नाही. चुना किंवा सिमेंट नसल्यामुळे दगडांच्या फटींतून हवा खेळते आणि भिजलेली तुळई वाळते. मनालीचं हिडिंबा देवीचं मंदिर १५५३मधलं. चारही बाजूंना पुढे झुकलेली त्याची एकावर एक लाकडी छपरं बर्फ आणि पाणी भिंतीपासून दूर टाकतात. देवदाराच्या लाकडात नैसर्गिक तेल असतं आणि ते कुजायला अवघड असतं, हे खरं. पण त्याच देवदाराचा खुंट ओल्या मातीत ठोकून पाहा. तो भिंतीतल्या तुळईइतका जगणार नाही.

रंगाची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणंही ऐकून घेतलं पाहिजे. चांगला रंग पाणी अडवतो, ऊन अडवतो, आणि खुद्द नॉर्वेत गेली दोन-तीनशे वर्षं लाकडी घरं लाल-पांढरी रंगवली जातात, ती टिकलेली आहेत. बरोबर आहे. नियमाने काढलेला आणि पुन्हा दिलेला रंग उभ्या भिंतीवर उत्तम काम करतो. अडचण आडव्या पृष्ठभागावर आणि सांध्यांवर येते. लाकूड फुगतं-आक्रसतं, रंगाचा पापुद्रा तितका ताणला जात नाही आणि सांध्याजवळ केसाएवढी भेग पडते. त्या भेगेतून पाणी आत जातं, आणि जो पापुद्रा पाणी आत येऊ नये म्हणून दिला होता तोच आता ते बाहेर जाऊ देत नाही. वरून सगळं गुळगुळीत दिसतं, आत पिंजलेला भुसा झालेला असतो. बाकाच्या, पायऱ्यांच्या आणि ओट्याच्या फळ्यांना जाड चकचकीत लेप देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तेल द्यायचं तर रंगाच्या दुकानात मिळणारं बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवस तेल, पातळ करून, मुरेल तेवढंच द्यावं आणि वर साचलेलं पुसून काढावं. कच्च्या जवस तेलाचा थर मात्र बुरशीचं खाद्य ठरतो आणि काळे डाग पडतात. मेण किंवा पाणी झटकणारं द्रव्य सगळ्या लाकडाला लावणं जमलं नाही तरी कापलेल्या टोकांना दोन-तीनदा भरपूर पाजावं. अख्ख्या फळीवर घालवलेल्या डब्यापेक्षा त्या टोकांना पाजलेलं वाटीभर द्रव्य जास्त उपयोगी पडतं. आणि लावायचं ते शरद ऋतूत, लाकूड उन्हात कोरडं झालेलं असताना. ओल्या लाकडावर दिलेला लेप ओल आत कोंडतो.

काही जण म्हणतील की आता दाबाने औषध भरलेलं लाकूड मिळतं, एवढी यातायात कशाला. असं लाकूड जिथे मातीशी संबंध टळतच नाही तिथे घ्यावंच. पण औषध प्रामुख्याने बाहेरच्या पांढऱ्या लाकडात शिरतं, गाभ्यात फारसं जात नाही. जागेवर आणून करवतीने कापलं की औषध न लागलेलं आतलं लाकूड उघडं पडतं. त्या टोकाला पुन्हा औषध पाजलं नाही तर संरक्षण तिथेच संपतं. शिवाय पूर्वी यासाठी वापरलं जाणारं आर्सेनिकचं मिश्रण अमेरिकेत २००३च्या अखेरीस घरगुती वापरातून मागे घेतलं गेलं. औषधं बदलत राहतात. दुसरा मुद्दा असा निघतो की आजचं लाकूड कोवळ्या, लवकर वाढवलेल्या झाडांचं असतं, त्याला बोर्गुंडचे नियम कसे लागू पडणार? हे अगदी खरं आहे. कोणत्याही जातीच्या झाडाचं बाहेरचं पांढरं लाकूड टिकाऊ नसतं, सागाचंही नाही, आणि कोवळ्या झाडात त्याचं प्रमाण जास्त असतं. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. चांगल्या गाभ्याच्या लाकडाने रचनेतल्या चुका बरीच वर्षं सोसल्या. आजचं लाकूड सोसणार नाही, म्हणून आज रचना अधिक नेमकी हवी.

हिवाळा आला की बाकडी आणि लाकडाच्या थप्प्या प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवायची पद्धत मला सगळ्यात घातक वाटते, कारण ती काळजीपोटीच केली जाते. न्यू जर्सी किंवा टोरंटोत राहणारी मराठी कुटुंबं मागच्या अंगणातल्या लाकडी बाकाला आणि टेबलाला ऑक्टोबरात ताडपत्री घालून दोरीने करकचून बांधतात. जमिनीतली ओल वर येते, दिवसा ताडपत्रीखाली हवा तापते, रात्री आतल्या बाजूला दव जमतं आणि पुन्हा लाकडावर ठिबकतं. लाकूड पावसात भिजलं असतं त्याहून जास्त दिवस भिजलेलं राहतं. वरून आच्छादन हवंच, पण ते छपरासारखं, उतरतं आणि लाकडापासून थोडं वर, बाजू मोकळ्या. बाकाच्या पायांखाली विटेचे किंवा फरशीचे तुकडे द्यावेत, म्हणजे टोकं साचलेल्या पाण्यात बुडणार नाहीत. भिंतीलगत साठलेला बर्फ ओढून दूर करावा. पानांचा कचरा फळ्यांच्या फटींत अडकला असेल तर तो काढावा, कारण ओला पाचोळा महिनोन्महिने पाणी धरून ठेवतो. जळाऊ लाकडाची थप्पी जमिनीवर न रचता दोन आडव्या दांड्यांवर रचावी. यातल्या कशालाही पैसा लागत नाही.

उघडं लाकूड राखाडी पडतं आणि लोकांना वाटतं ते कुजायला लागलं. राखाडी रंग उन्हाचा आहे. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारा पदार्थ, अगदी वरच्या पातळ थरात मोडतात. पाऊस ते धुऊन नेतो आणि उरलेले तंतू चंदेरी दिसतात. पाइनसारख्या मऊ लाकडाची अशी झीज शंभर वर्षांत साधारण सहा मिलिमीटर होते. दोन इंच जाड फळीला त्याने काय फरक पडतो? खरं कुजणं डोळ्यांना उशिरा दिसतं, हाताला आधी कळतं. सांध्याजवळ किंवा पायाशी टोचा टेकवून दाबा. धडधाकट लाकडात तो अडतो आणि उचकटलं तर लांब धसकट निघतं. कुजलेल्या लाकडात तो सहज शिरतो आणि तुकडा धसकट न निघता आडवा, ठिसूळ मोडतो. वसंतात बर्फ गेल्यावर आणि आपल्याकडे पावसाळा संपल्यावर ही तपासणी करावी.

आपल्याकडे हा विषय हिवाळ्याचा नाही, पावसाळ्याचा आहे, आणि शेफरचं सूत्र आपल्याला बरंच काही सांगतं. समजा, कोकणातल्या एखाद्या गावी जुलैचं सरासरी तापमान २७ अंश आहे आणि २८ दिवस पाऊस पडतो. २५ गुणिले २५ भागिले १६.७, उत्तर ३७. ज्या आकड्याच्या आत वर्षभराचा धोका कमी समजला जातो, तो एकट्या जुलैने ओलांडला. वाळवी यात मोजलेलीच नाही. म्हणून कोकणातल्या आणि देशावरच्या जुन्या घरांत लाकडाचे खांब मातीत पुरलेले आढळत नाहीत. उंच दगडी जोतं, प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा, पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून लांब काढलेली वळचण, झडीच्या बाजूला पडवी आणि पावसाळ्यापुरते बांधलेले झावळ्यांचे झाप. बोर्गुंडच्या सुतारांशी या गवंडी-सुतारांचा काही संबंध नव्हता. दोघांनी एकाच पाण्याचा बंदोबस्त केला आणि दोघं जवळपास एकाच जागी पोचले. थंड प्रदेशात गेल्या काही दशकांत हिवाळे ऊबदार होत आहेत, बर्फाच्या जागी पाऊस पडतो आहे. जे महिने सूत्रात शून्य होते ते आता मोजणीत येऊ लागले आहेत. त्यामुळे युरोपातल्या जुन्या लाकडी इमारतींची देखभाल करणाऱ्यांनाही आपल्यासारख्या ओल्या-ऊबदार हवेचा विचार करावा लागणार आहे.

जुन्या घरांची दुरुस्ती करताना आपण मात्र उलटी वाट धरली आहे. जमीन उंच करायची म्हणून कोबा टाकतात, त्यावर टाइल बसवतात, आणि तळखडा दोन-चार इंच खाली गाडला जातो. शंभर वर्षं कोरडा राहिलेला खांबाचा पाय सिमेंटच्या वाटीत उभा राहतो. फरशी धुतलेलं पाणी तिथे साचतं आणि त्याला निघायला वाट नसते. वरून खांबाला ऑइल पेंट दिला की काम पुरं झालं असं सगळ्यांना वाटतं. तुमच्या घरी असं काम निघालं तर गवंड्याला आधीच सांगा: तळखडा पूर्ण उघडा राहिला पाहिजे, त्याच्या भोवती उतार बाहेरच्या बाजूला हवा, आणि खांबाच्या पायाला सिमेंट टेकता कामा नये. जिथे ते आधीच टेकलं आहे, तिथे येत्या पावसाळ्याआधी ते छिन्नीने मोकळं करून घ्या.